आधी नक्कल, मग वेग

हार्ड डिस्क जायला लागली की ते आधी कानाला कळतं. रोजच्या बारीक घरघरीत मध्येच एक टक्‌ ऐकू येतो. पडदा दोन-तीन सेकंद गोठतो, माउसचा बाण जागच्या जागी थांबतो आणि पुन्हा सगळं सुरळीत चालू होतं. वायर हलली असेल, असं म्हणून माणूस कामाला लागतो. महिन्याभरात तोच आवाज दिवसातून चार वेळा यायला लागतो. तोवर दुकानात, पतसंस्थेत किंवा शाळेत ठरूनही गेलेलं असतं की यंत्र जुनं झालं, मार्च उलटला की नवीन घेऊ. आतल्या चकतीवरून फिरणारं हेड तेव्हा एक जागा शोधत असतं. ती सापडत नाही म्हणून मागं येतं, पुन्हा जातं. त्या डिस्कला मार्चपर्यंत सवड नसते.

मेढ्यात हा प्रश्न शहरापेक्षा जास्त टोचतो. जावळी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण साताऱ्याहून केळघर घाटानं महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर, वेण्णेच्या काठी आहे. बामणोलीकडचा, केळघरचा, कुसुंबीचा माणूस दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी, कर्जाच्या कागदासाठी इथंच येतो. रस्त्यालगतच्या गाळ्यांमध्ये झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो अशी कामं करणारी यंत्रं बसलेली आहेत आणि त्यातली बरीचशी डेस्कटॉप आहेत, तीही दहा-बारा वर्षं वापरलेली. काही इथल्याच दुकानांनी घेतलेली, काही मुंबईहून आलेली. जावळीतल्या घराघरातला कोणी ना कोणी माथाडी कामासाठी किंवा नोकरीसाठी मुंबई-नवी मुंबईत गेलेला आहे. कोपरखैरणे-घणसोलीत राहणाऱ्या थोरल्या भावानं नवा लॅपटॉप घेतला की त्याचा जुना सीपीयू खोक्यात बसून एसटीनं गावाकडं येतो. इथं त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त कष्टाचं असतं.

संगणक इतक्या खोलवर पोहोचण्याचं श्रेय बऱ्याच अंशी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीला जातं. २००१ पासून या अभ्यासक्रमानं तालुक्यातालुक्यात केंद्रं उभी केली, नोकरीच्या अर्जावर त्याचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं आणि शेतकऱ्याच्या मुलामुलींनी पहिल्यांदा की-बोर्डवर बोटं ठेवली. पुढं २०११ मध्ये संग्राम केंद्रं आली, त्यांच्या जागी आपले सरकार सेवा केंद्रं आली, सातबारा आणि फेरफार ऑनलाइन झाले. कागद संगणकात गेला तो असा, पंचवीस वर्षांत. पण त्या संगणकातली चकती किती वर्षं टिकते, तिची नक्कल कुठं ठेवायची आणि ती बदलायची कधी, हे त्या अभ्यासक्रमात आणि त्या योजनांमध्ये जितक्या ठळकपणे सांगायला हवं होतं तितकं सांगितलं गेलं नाही. ही उणीव मला खरोखर मोठी वाटते, कारण जे जातं ते परत टाइप करता येत नाही.

काय जातं याचं एकच उदाहरण देतो. बाजारपेठेतल्या एका डीटीपी करणाऱ्या ताईंच्या यंत्रात लग्नपत्रिका आहेत, गावोगावच्या जत्रांच्या पत्रिका आहेत, मुंबईकर ग्रामविकास मंडळांच्या वर्गणीदारांच्या याद्या आहेत. शिवाय आहेत ते कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांचे अर्ज. १९६० च्या दशकात कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी चढलं तेव्हा जावळी, पाटण, महाबळेश्वरकडची गावं उठली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला आणि काहींच्या नशिबी पुन्हा उठणं आलं. कुणाचं पुनर्वसन रायगडात, कुणाचं ठाणे जिल्ह्यात, कुणाचं सांगली-सोलापुरात. त्यांच्या वारसांच्या नोंदी, जुन्या गटनंबरांचे तक्ते, निवेदनं हे सगळं अशा टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षं साठत गेलेलं आहे. एखादा म्हातारा येतो आणि म्हणतो, "ताई, मागच्या टायमाला केलेला अर्ज काढा की, तारीख तेवढी बदला." तो अर्ज निघतो म्हणून त्याचा दिवस वाचतो. यंत्र दुरुस्तीला दिलं तेव्हा ताईंचं मागणं सरळ होतं. "बाकी काय बी होऊ द्या, पर माझं 'अर्ज' आन 'जत्रा' हे दोन फोल्डर ऱ्हायलं पायजेत."

दुरुस्तीवाल्याचा पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून देऊ का?" संथ चालतो, फॉरमॅट मारा. अडकतो, फॉरमॅट मारा. व्हायरस आला, फॉरमॅट मारा. या सवयीवर माझा खरा आक्षेप आहे. ज्या डिस्कचा पृष्ठभागच खराब होतोय तिच्यावर नव्यानं विंडोज टाकणं म्हणजे उरलेल्या थोड्या आयुष्यातले दोन तास वाया घालवणं, आणि वर ज्या जागी जुन्या फायली होत्या तिथंच नवं काहीतरी लिहिणं. मेढ्यात ज्या तरुण कारागिराकडं मी बसलो होतो त्यानं ताईंना फॉरमॅटचं विचारलंच नाही. "ताई, आधी डिस्क बघू, मग ठरवू," असं म्हणून त्यानं सीपीयूचं डावीकडचं झाकण काढलं.

आतलं दृश्य इथल्या हवेचं असतं. जावळीत पावसाळा धो धो असतो, चार महिने भिंती ओल धरतात. गाळ्याचं शटर दिवसभर उघडं, समोर रस्ता. त्यामुळं आत धूळ असते ती कोरडी नाही, चिकट असते, पंख्याच्या पात्यांना राखाडी लेपासारखी धरून बसलेली. कारागिरानं ब्रशनं आणि ब्लोअरनं ती काढली. पंखा फिरू नये म्हणून त्याला बोटानं धरून मगच हवा मारली. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, बदलला, कारण यंत्र रोज सकाळी २००९ सालची तारीख दाखवत होतं आणि त्या चुकीच्या तारखेमुळं सरकारी संकेतस्थळं उघडत नव्हती. मग डिस्कची पट्टी सोडवली. साटाच्या केबलचं तोंड आतून इंग्रजी एल अक्षरासारखं असतं, उलटं बसतच नाही. ते सरळ मागं ओढायचं, वाकडं केलं की डिस्कवरचा प्लास्टिकचा ओठ तुटतो. मग चार स्क्रू. साडेतीन इंची हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, अडीच इंची एसएसडीचे, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचे, बारीक आट्यांचे. घाईत जाड स्क्रू एसएसडीत पिळला की तिची आटी कायमची जाते. ते स्क्रू त्यानं दोन वेगवेगळ्या डब्यांत ठेवले होते. माणसाची जात कामावरून ओळखावी म्हणतात, ती अशा डब्यांवरून.

डिस्क त्यानं आपल्या यंत्राला लावली आणि तिचा तब्येतीचा तक्ता उघडला. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःविषयी काही आकडे स्वतःजवळच लिहून ठेवते, त्या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनं ते वाचता येतात. त्यातल्या तीन ओळी आधी बघाव्यात. ०५ क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब जागा बाद करून त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरल्या. सी५ सांगते की किती जागा संशयित आहेत, वाचता आल्या नाहीत पण अजून बाद झालेल्या नाहीत. सी७ वाढलेली असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो, आणि थोड्याशा पैशांत काम होतं. ताईंच्या डिस्कवर ०५ आणि सी५ दोन्ही शून्याच्या वर होते.

हे आकडे किती गंभीरपणे घ्यायचे यावर एक मोठा अभ्यास गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा त्यात हिशेब होता. तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या मानानं ३९ पट वाढते, असं त्यांना दिसलं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, डिस्कांनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. म्हणजे तक्ता लाल झाला तर धावा. हिरवा असला तरी नक्कल नसेल तर निश्चिंत राहू नका.

ताई म्हणाल्या, "एवढी हळू का झाली पण? आधी तर चांगली पळायची." याचं उत्तर डिस्क कशी चालते त्यात आहे. तालुक्याच्या कचेरीचंच बघा. साहेब कितीही हुशार असोत, फाइल रेकॉर्ड रूममधून शिपाई आणून देईपर्यंत त्यांना बसून राहावं लागतं. संगणकात साहेब म्हणजे प्रोसेसर आणि शिपाई म्हणजे हार्ड डिस्क. आता हिशेब करू. नेहमीच्या डेस्कटॉपमधली डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण ९ मिलिसेकंद. एका तुकड्यामागं १३ मिलिसेकंद धरले तर इकडं तिकडं विखुरलेले तुकडे सेकंदाला पाऊणशेच वाचून होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. त्यातच अँटिव्हायरस, अपडेट, ब्राउझर हे सगळे एकाच वेळी त्याच हेडला हाका मारतात. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती चिपमधून वाचते, एका तुकड्याला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रातला प्रोसेसर तोच ठेवून फक्त डिस्क बदलली तरी वर्ड आणि ब्राउझर झटक्यात उघडतात. प्रोसेसर म्हातारा झालेलाच नव्हता, तो वाट बघून बघून थकला होता.

१९५६ मध्ये आयबीएमनं जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि तिच्यात ५० लाख अक्षरं मावत. आज ताईंच्या एका लग्नपत्रिकेतल्या गणपतीच्या चित्राला कधी कधी तेवढी जागा लागते. फिरती चकती आणि तिच्यावरून सरकणारं हेड, ही मूळ रचना मात्र तेव्हापासून आजपर्यंत तीच आहे.

आता नक्कल. इथं कारागिराच्या हातातला फरक सगळ्यात जास्त दिसतो.

डिस्क धडधाकट असेल तर क्लोनझिलासारख्या साधनानं तिची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवता येते. पण आजारी डिस्कला तसं केलं तर पहिल्या खराब जागेवरच गाडी अडकते, ती तिथंच घासत राहते आणि त्या घासण्यातच मरते. त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलं की उडी मारून पुढं जातो, कुठं काय राहिलं याची नोंद ठेवतो आणि शेवटी त्या राहिलेल्या जागांकडं वळतो. मध्येच वीज गेली तरी नोंदीवरून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. मेढ्यात पावसाळ्यात विजेच्या तारेवर झाड पडलं की तासन्‌तास वीज नसते, तेव्हा ही सोय म्हणजे मोठाच आधार. आणखी एक इशारा: आजारी डिस्कवर चेकडिस्क कधीही चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कला राबवतं आणि न वाचता आलेले फायलींचे तुकडे टाकून देतं. आधी नक्कल काढा, दुरुस्ती त्या नकलेवर करा.

नुसते फोल्डर उचलून नवीन विंडोजवर ठेवले तर चालणार नाही का? शाळेच्या किंवा घरच्या यंत्राला चालेल. डीटीपीवाल्याला चालत नाही, आणि हे मराठी छपाईशी ज्याचा संबंध आला त्यालाच कळतं. ताईंच्या जुन्या फायली पेजमेकरमध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत केलेल्या आहेत. ही युनिकोडच्या आधीची पद्धत. फाइलमध्ये 'क' हे अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. एखादं रोमन चिन्ह साठवलेलं असतं आणि श्री-देव ०७१४ सारखा फॉन्ट ते चिन्ह 'क' च्या आकारात दाखवतो. तो फॉन्ट नसेल तर "सालाबादप्रमाणे" या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि टिंबा-रेघांची रास दिसते. त्यात श्री-लिपीचं ते जुनं व्हर्जन, त्याचं यंत्राच्या मागच्या बाजूला खोचलेलं कुलूप म्हणजे डोंगल, त्यासाठीचा ड्रायव्हर, ताईंच्या बोटांना बसलेला की-बोर्डचा आराखडा, पेजमेकरची सेटिंग, प्रिंटरच्या कागदाचे ठरवलेले आकार. हे सगळं पुन्हा उभं करायचं तर आठवडा जातो, तरी काहीतरी राहतंच. कित्येकांकडं मूळ सीडीच उरलेल्या नसतात. म्हणून अशा यंत्राला पूर्ण क्लोनच हवा. पतसंस्थेच्या किंवा किराणा दुकानाच्या टॅलीलाही हेच लागू आहे.

क्लोन करताना तीन अडचणी येतात. जुनी डिस्क ५०० जीबीची आणि नवी एसएसडी २४० जीबीची असेल तर सरळ उतरत नाही. आधी नकलेवर पार्टिशन लहान करावं लागतं. आपल्याकडं सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडायची जुनी पद्धत आहे, त्यातला सी एसएसडीवर जातो आणि बाकीचे दुसऱ्या डिस्कवर. मात्र ड्राइव्हची अक्षरं तीच राहिली पाहिजेत, नाहीतर टॅलीला आपला डेटा सापडत नाही. दुसरी अडचण एक्सपीच्या काळातल्या पार्टिशनची. ती ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतात, नव्या डिस्का मात्र चार-चार हजार बाइटच्या घरांत विचार करतात. घरं जुळली नाहीत की एकेका लिखाणाला दोन-दोन घरं उघडावी लागतात आणि वेग घटतो. सुरुवात २०४८ व्या सेक्टरवर सरकवली की हे मिटतं. तिसरी, बायोसमध्ये डिस्कचा मोड आयडीईवरून एएचसीआयवर बदलला आणि विंडोजला आधी त्याची तयारी करून दिली नाही, तर निळा पडदा येतो आणि त्यावर शेवटी ७बी असा आकडा असतो. तो दिसला म्हणजे नवी डिस्क खराब निघाली असं समजू नये. सेटिंग पूर्ववत केलं की यंत्र उठतं.

कोणत्या यंत्रावर खर्च करावा, यावर माझं मत स्पष्ट आहे. ज्यात फक्त चाळीस पिनांची रुंद आयडीई पट्टी आहे, साटाचं तोंडच नाही, अशा पेंटियम चारच्या काळातल्या यंत्राला नवी डिस्क घालू नये. त्यातलं सगळं बाहेर काढावं आणि त्याला निरोप द्यावा. कोअर टू ड्युओच्या काळात आपल्या बाजारात जी३१ आणि जी४१ चिपसेटचे बोर्ड भरपूर विकले गेले. त्यांना एएचसीआय नाही, साटाचा वेगही नंतरच्या साटाच्या निम्मा, तरी एसएसडी त्यांच्यात नीट चालते आणि टायपिंग, फॉर्म, हिशेब यांना पुरते. अट एवढीच की रॅम चार जीबी तरी हवी. दोन जीबीवर नुसती डिस्क बदलून पैसे टाकल्याचं समाधान मिळत नाही. २०११ नंतरचा एच६१ बोर्ड असेल तर मग बिनधास्त खर्च करावा.

फोटो स्टुडिओवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना वेगापेक्षा जागा लागते. एकेका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ म्हणजे शेकडो जीबी. ते मोठी डिस्क आणतात आणि जुन्या यंत्रात ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीच दिसते. दुकानदारानं फसवलं असं वाटतं. तसं नसतं. जुनी पद्धत सेक्टर मोजायला ३२ बिट वापरते, ५१२ बाइटच्या सेक्टरनं तिची मोजणी २ टीबीच्या थोडं पुढं संपते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. उरतात ते ७४६ जीबी. अशीच भिंत त्याआधी १३७ जीबीला होती, ती २००२ च्या सुमारास ४८ बिटांच्या पत्त्यानं ओलांडली गेली. ड्रायव्हर नवा करून आणि डिस्कवर जीपीटी पद्धतीची पार्टिशनं करून ही दुसरी भिंतही ओलांडता येते, पण ती डिस्क दुय्यम म्हणून ठेवावी. जुन्या बायोसमध्ये विंडोज तिच्यावरून सुरू होत नाही.

खरेदी करताना काय बघावं, हे मेढ्यासारख्या ठिकाणी अधिकच महत्त्वाचं, कारण माल साताऱ्याहून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून येतो आणि परत करायला जाणं म्हणजे एक दिवस गेला. रिफर्बिश्ड डिस्क घेण्यात गैर काही नाही, ती नवी म्हणून गळ्यात पडली तर मात्र गैर आहे. स्मार्टच्या तक्त्यात ०९ क्रमांकाच्या ओळीवर डिस्क किती तास चालली ते लिहिलेलं असतं. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्थात तोही पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या मोठ्या डिस्का तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा कित्येक डिस्का हजारो तास राबलेल्या निघाल्या. त्यामुळं कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून वॉरंटी तपासणं आणि पक्कं बिल मागणं, हे दोन्ही करावं. भाव मात्र आपल्या हातात नसतात. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव काही आठवड्यांत दुपटीच्या घरात गेले. एका देशातल्या एका नदीच्या पुरानं मेढ्यातल्या झेरॉक्सवाल्याचा खर्च वाढला.

विजेबद्दल थोडं. एसएसडीला धक्का आणि धूळ फारशी बाधत नाही, पण लिहिता लिहिता वीज गेली तर तिचंही नुकसान होतं. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते, पेटी मात्र तशीच टेबलाखाली असते आणि तिच्या भरवशावर माणूस काम करत राहतो. त्या पेटीतली बॅटरी डिस्कबरोबरच बदलून घ्यावी. आणि जुन्या एसएमपीएसला साटाची वीजवायर कमी पडली म्हणून जोडवायर लावायची झाली तर जिचं डोकं एकसंध ओतलेलं असतं ती टाळावी. तसल्या डोक्यात आत तारा एकमेकींना टेकतात आणि ती वितळल्याची उदाहरणं जगभर आहेत. उघडता येणाऱ्या, दाबून बसवलेल्या तारांचं डोकं घ्यावं.

डिस्क बदलून यंत्र पळायला लागलं तरी पुढचा प्रश्न उभा राहतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची साथ थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळं वर सांगितलेलं एकही यंत्र त्यात बसत नाही. ताईंसारख्यांनी, ज्यांचं काम एका जुन्या प्रोग्रॅमवर आणि कुलपावर अवलंबून आहे, ते यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त डीटीपीसाठी ठेवावं. ऑनलाइन फॉर्म, बँक, मेल दुसऱ्या यंत्रावर. घरच्या आणि शाळेच्या यंत्रांनी मात्र लिनक्सकडं वळायला हरकत नाही. पुण्याच्या सी-डॅकच्या चेन्नई शाखेनं बॉस नावाची लिनक्सची आवृत्ती काढली, तिच्यात मराठी आहे. केरळनं तर सरकारी शाळांमधून मुक्त संगणकप्रणालीच शिकवली आणि तिथल्या हजारो शाळा वर्षानुवर्षं तिच्यावर चालल्या. तसं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही होऊ शकतं. कपाटाशेजारी झाकून ठेवलेल्या दहा संगणकांना दहा एसएसडी आणि लिनक्स मिळालं तर एक प्रयोगशाळा उभी राहते. पोरं त्यावर टाइप करायला, चित्रं काढायला, प्रोग्रॅम लिहायला शिकतात. यासाठी लागणारा पैसा एखादं मुंबईकर मंडळ एका जत्रेच्या वर्गणीतून उभा करू शकतं. माझी कळकळीची सूचना आहे की गावाला कमान बांधण्याआधी मंडळांनी हा विचार करावा.

ताईंची डिस्क रात्रभर डीडीरेस्क्यूवर राहिली. सकाळी नोंदीत काही ठिकाणं न वाचता आलेली उरली होती. ती कोणत्या फायलींची, हे शोधल्यावर बहुतेक विंडोजच्या तात्पुरत्या फायलींची निघाली. दोन जुन्या पत्रिकांची चित्रं गेली. 'अर्ज' पूर्ण आला. त्यानंतर कारागिरानं ताईंकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: दर शनिवारी दुकान बंद करताना दोन्ही फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवायचे, ती डिस्क घरी न्यायची, आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडून खरंच उघडते का ते बघायचं. शेवटचं कलम त्यानं दोनदा सांगितलं. कित्येक जण नक्कल घेतात, पण ती उघडून बघत नाहीत.

राहिली ती काढलेली डिस्क. ती लगेच फेकू नये. तिच्यावर तारीख लिहून सहा महिने कोरड्या जागी ठेवावी, कारण एखादी फाइल राहून गेल्याचं उशिरानं लक्षात येतं. पण सहा महिन्यांनी तिची नीट विल्हेवाट लावलीच पाहिजे. टायपिंगच्या आणि सेवा केंद्राच्या यंत्रांमध्ये डाउनलोडच्या फोल्डरात गावोगावच्या माणसांची आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेच्या पासबुकांची पहिली पानं पडलेली असतात. ज्यानं विश्वासानं कागद हातात दिला त्याचे हे कागद. चालू स्थितीतली हार्ड डिस्क असेल तर झटपट फॉरमॅट उपयोगाचा नाही, त्यानं यादी पुसते, मजकूर तसाच राहतो. विंडोजमधला पूर्ण फॉरमॅट सगळीकडं शून्यं लिहितो, त्याला काही तास लागतात, तो करावा. एसएसडी टाकायची असेल तर कंपनीच्या प्रोग्रॅममधलं सिक्युअर इरेज वापरावं. डिस्क चालतच नसेल तर ड्रिलनं तिच्या चकत्यांना आरपार तीन-चार भोकं पाडावीत आणि मग ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडं द्यावी, भंगारवाल्याच्या हातगाडीवर नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी त्याची चौकट घालून दिली आहे, आणि माणसांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. मेढ्याच्या कारागिराकडं ड्रिल होतंच. गिऱ्हाइकाच्या समोर भोकं पाडायची, आणि ती पाडल्याशिवाय डिस्क दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, असा त्याचा रिवाज आहे. त्याचे वेगळे पैसे तो घेत नाही.